हेल्मेटमधली साडी

विभावरी टिपणीसला कशाचीही भीती वाटे. लिफ्टची, गॅसची, हायवेवरच्या ट्रेलरची. असल्या बाईच्या पोटी वेदांग जन्मला, आणि टिपणीस राहत त्या शारजातल्याच ज्या विद्यापीठात तो शिकायला गेला, तिथे नेमका अमेरिकन फुटबॉलचा संघ निघाला. या खेळाला फुटबॉल का म्हणतात देव जाणे. चेंडू हातात आणि पोरं एकमेकांच्या अंगावर!

संघ जेमतेम चार वर्षं टिकला. अमेरिकन प्रोफेसरांनी तिकडून जुनी हेल्मेटं मागवली, वाळूवर हिरवळ अंथरली आणि दुबईतल्या अमेरिकन नोकरदारांशी सामने सुरू केले. पहिल्या वर्षी संघ सगळे सामने हरला. दुसऱ्या वर्षी, १९९९ साली, वेदांग त्यात शिरला.

"आई, यू कॅन कम. पण ग्राउंडवर पाऊल टाकायचं नाही. प्रॉमिस?"

तिने कबूल केलं. पण घरी आलेल्या हेल्मेटमध्ये बोट घालून पाहिलं, तर अस्तर कडक! माहेरी गोधड्या शिवलेल्या बाईला ते बघवेना. पहिल्या सामन्याच्या सकाळी वेदांग अंघोळीला गेला, तशी तिने जुन्या सुती साडीची जाड घडी आत टाके घालून बसवली.

मैदानात तो सारखा हेल्मेट खाली दाबत होता. ते डोक्यावर उंचच राहत होतं.

"टाइट नहीं बैठा क्या?" शेजारची जुलेखा म्हणाली. तिचाही मुलगा संघात होता. "ढीला रहा तो झटके में गर्दन जाती है, भाभी. कोच बोला था."

विभावरीला सकाळची घडी आठवली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. इथे तर जे मनाने चिंतलं ते हातांनी करून ठेवलं होतं. सामना सुरू व्हायच्या आत ती चपला हातात घेऊन मैदानात धावली.

"मॉम! गो बॅक! यू प्रॉमिस्ड!"

"नंतर काय बोलायचं ते बोल, पण आधी ते काढ! मी त्यात साडी शिवलीय रे!"

कोचने टाके उसवून जांभळ्या फुलांची घडी बाहेर ओढली. दोन्ही संघ पोट धरून हसले. वेदांगने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

थोड्या वेळाने एका दांडगटाने त्याला असं आपटलं, की हेल्मेट जमिनीवर आदळल्याचा आवाज बाकांपर्यंत आला. विभावरीने डोळे गच्च मिटले.

"उठ गया, भाभी. देखो ना, उठ गया," जुलेखा म्हणत होती. तरी तिला डोळे उघडायचा धीर होईना.

परतताना जुलेखाच्या गाडीत वेदांग मागच्या सीटवर बसला. रागाने नुसता नाकातून जोरजोरात श्वास सोडत होता. विभावरी पुढे बसून घरापर्यंत त्याचा श्वास ऐकत राहिली.