मैदान व्हायच्या आधी

ह्ये मी अजून कुनापशी बोलले न्हाई. लेकापशी न्हाई, मालकांपशी बी न्हाई — आनि मालक तर आता न्हाईतच. तुमाला सांगते.

पलूसच्या अंगाला आमचं गाव. आता आमच्या फुटबॉल क्लबाच्या मैदानाला पायऱ्या हायत, लाईटीचं खांब हायत. तवा काय हुतं? आमच्या रानाला लागून गायरान, नुसतं दगाड. मालक पल्टनीतनं रिटायर होऊन आलं, ते फुटबॉल घिऊनच. गाव हसायचं — "आवं सुभेदार, हात मोडल्यात व्हय, लाथा मारत सुटलाय?" ह्येनी गडी गोळा केलं, बांबूचं गोल रोवलं, चुन्याच्या रेघा मारल्या. दगाड मी बी येचलं, पाटी-पाटीनं. आमचा थोरला गोलकीपर. त्यानं उडी घेतली की बांधावर माझं खुरपं थांबायचं. लय ग्वाड दिस हुतं, खरं सांगते.

पन त्या आधी तिथं कोन हुतं — ह्ये कोन इचारतंय?

बायडाक्का हुती. आटपाडीकडची धनगरीन. दिवाळी झाली की तिची मेंढरं पश्चिमेला निघायची, आनि म्हैनाभर त्या गायरानात मेंढरं कोंडायचं वाडगं पडायचं. पानी आमच्या हिरीचं. मेंढ्या तिथंच व्यायच्या. क्लब झाल्यावर बी म्हैनाभर खेळ बंद — थोरला कुरकुर करायचा. ह्योच थोरला तान्हा हुता तवा मालक पल्टनीत, माझं दूध आटलेलं, घरात दुसरं मानूस न्हाई. बायडाक्कानं शेळीचं दूध पाजून त्येला जगवला. निघताना शेळी माझ्याच दारात बांधून गेली. मला वैनी म्हनायची.

मग क्लबानं सरकारकडं गायरान मागितलं. पंचनाम्याला सायब आलं. शेजारचं रान आमचं, म्हनून मलाच इचारलं — "मावशी, इथं कुनाची वहिवाट हाय का?"

मला कुनी शिकवलं हुतं का? न्हाई. मालक त्या दिवशी टीम घिऊन साताऱ्याला गेलतं. वाळक्या लेंड्या सायबाच्या बुटाखाली हुत्या. माझ्या डोळ्यापुढं तेवढा गोलात उभा असलेला माझा लेक हुता.

मी म्हनलं, "कुनाची न्हाई, सायब. पडीक हाय." आनि अंगठा दिला.

दिवाळीनंतर बायडाक्का आली. तवर तारंचं कुंपन पडलेलं. मेंढरं रस्त्यावर उभी, चार-पाच व्यायला झालेली.

"आवं वैनी, ह्ये कवा झालं? तुमास्नी कुनी इचारलं न्हाई व्हय?"

मी म्हनलं, "न्हाई बाई. आमाला कोन इचारतंय?"

तिनं माझाच हात दाबला — "व्हय की. तुमी तरी काय करनार." माझं समाधान करत हुती ती! माझं रान तवा मोकळं हुतं. इथं मेंढरं बसीव म्हनायला काय लागत हुतं? पन रोज तिच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. एक मेंढी त्या डांबरीवरच व्याली. बायडाक्कानं पिल्लू पदरात घितलं आनि कळप पुढं नेला. ती परत ह्या वाटंनं आली न्हाई.

मागं पायऱ्यांचं उद्घाटन झालं. सुभेदारांची बायको म्हनून मला वर बोलवलं, शाल दिली, माईक हातात दिला — "आजी, जुनं काय तरी सांगा."

मी मालकांचं कौतिक सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल घिऊन मी खाली बसले.