फाटक्या कानाचं अस्वल

तंबूच्या सिनेमात मी बोलायचो. परदेशी चित्र लागलं की त्यातली भाषा कुणाला कळायची नाही, मग मी माइक घेऊन पडद्याशेजारी उभा राहायचो आणि काय चाललंय ते मराठीत सांगायचो. इंग्रजी मलाही येत नव्हतं, पण मालकाने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. पडद्यावरच्या साहेबाचा मी हणमंतराव करायचो, मडमेची गंगू. हौसराव बोलणार असेल तरच येतो, असं म्हणणारी माणसं शिरूरपासून दौंडपर्यंत होती. त्यामुळे मी चांगलाच शेफारलो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

छप्पनच्या हिवाळ्यात आमच्याकडे अस्वलाचं चित्र आलं. सगळी हाताने काढलेली अस्वलं, पण चालायची, रुसायची, मध खायची. एक बाप, त्याचा डावा कान फाटलेला, आणि त्याचं एक पिल्लू. बाप रागाच्या भरात पिल्लाला फटका मारतो. पिल्लू निघून जातं. बाप रानोमाळ हिंडतो, बर्फ पडतं, आणि शेवटी एक मोठं अस्वल मान खाली घालून गुहेत येतं. बस, संपलं! आता जत्रेला पोराबाळांसकट आलेल्या माणसांना असं घरी पाठवायचं का? मी ठोकून दिलं, "बघा मंडळी, पोरगं मोठं झालं आन् बापाकडं परत आलं!" टाळ्याच टाळ्या. बायकांनी डोळे पुसले. त्या अस्वलाचा कान मला काय दिसला नव्हता? दिसला होता. पण टाळ्या पडत असताना कानाकडे बघतो कोण.

तेव्हा तंबू केडगावला होता. फिल्मचे डबे रेल्वेने यायचे आणि स्टेशनवरून तंबूपर्यंत नबीलालच्या टांग्यातून. नबीलाल उंच, हडकुळा; माणसांपेक्षा घोड्याशीच जास्त बोलणारा. त्याचा पोरगा वजीर दहा वर्षांचा. डबे आणल्यावर मी पोराला फुकट आत सोडायचो, आणि नबीलाल बाहेर घोड्यापाशी थांबून भोंग्यातून माझा आवाज ऐकायचा. पडदा त्याने कधी पाहिला नाही. वजीरने मात्र ते चित्र लागोपाठ तीन दिवस पाहिलं.

तिसऱ्या दिवशीच घात झाला. नबीलाल डबे उतरवत होता आणि वजीरला त्याने घोड्यापाशी उभं केलं होतं. आत बाजा वाजला तसा पोरगा लगाम सोडून तंबूत पळाला. घोडा टांग्यासकट रुळांकडे निघाला. हमालांनी धरला म्हणून वाचला, नाहीतर गाडीखालीच जायचा. चित्र संपल्यावर नबीलालने पोराला तंबूच्या दारात धरलं आणि सगळ्या गावासमोर चाबकाने मारलं. पोरगं रडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका हमालाने त्याला दौंडच्या पॅसेंजरमध्ये चढताना पाहिलं, तेवढंच. दौंडला गाड्या चार वाटांना फुटतात. नबीलाल चारी वाटांनी जाऊन आला आणि चारी वाटांनी रिकामा आला.

महिन्याभराने आमचा तंबू खुटबावला होता. नबीलाल तिथे माझ्यापुढे येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"हौसराव, त्या पिल्लाला तुम्ही काय म्हणता?"

"बाळ्या."

"त्याला वजीर म्हणा. माझं पोरगं त्या चित्रामागं येडं झालं हुतं. कुठं बी आसंल तर ह्ये बघायला येनार. तवा त्याला कळू द्या, बाप हाका मारतोय म्हनून."

मी मान डोलावली. त्या दिवसापासून पडद्यावरचं अस्वल रानात फिरायला लागलं की मी माइकमध्ये ओरडायचो, "वजीर! वजीर रं!" आणि शेवटी, "बघा मंडळी, वजीर घरी आला!" लोकांना ते फार आवडायचं. लोकांना काय माहीत.

मग हा नेमच झाला. मालक दर मोसमात ते चित्र मागवायचा आणि नबीलाल टांगा घेऊन तंबूच्या मागोमाग गावोगाव यायचा. खेळ सुटला की कंदील घेऊन दारात उभा राहायचा आणि बाहेर पडणाऱ्या एकेका पोराच्या तोंडावर उजेड धरायचा. पोरं हसायची, कुणी वेडावून दाखवायचं. मी म्हणायचो, नबीलालभाई, पुरे आता. तो म्हणायचा, घरी जाऊन तरी काय करू? चांदबी, म्हणजे त्याची बायको, त्या मारापासून त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. भाकरी वाढायची आणि तोंड फिरवायची.

अशी चार वर्षं गेली. साठ साली शिरूरला तंबू लागला तेव्हा नबीलाल पहिल्यांदा म्हणाला, "आज आत बसू का? पोरानं तीनदा काय बघितलं, त्ये बघतो तरी."

मी त्याला पुढेच बसवला. शेवटचं अस्वल गुहेत आलं, मी नेहमीचं वाक्य म्हटलं, टाळ्या पडल्या. नबीलाल बसूनच राहिला. तंबू रिकामा झाल्यावर माझ्याकडे आला.

"त्याचा कान फाटकाय."

मी माइकची वायर गुंडाळायला लागलो.

"म्हंजी त्यो बापच हाय. पोरगं आलंच न्हाई."

"नबीलालभाई, लोकांसाठी आपलं..."

"वजीरनं तीनदा बघितलंय, हौसराव. त्याला दिसला आसंल कान." त्याने पडद्याकडे बोट केलं. "आन् तुम्ही गावोगाव वरडताय, वजीर घरी आला, वजीर घरी आला. त्यानं ह्ये ऐकलं आसंल तर काय म्हनंल? बापाला दुसरं कुनीतरी गावलं, आता माझी काय गरज?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्याने कुणाचं काही बिघडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या खेळाला मी खरं सांगितलं. "मंडळी, बाप एकटाच परत आला. वजीर आला न्हाई. बापानं मारलं त्ये चुकलं, त्यो वाट बघतोय. केडगाव टेशनावर टांगा हाय त्याचा." टाळी एकही पडली नाही. पोरं रडायला लागली, कुणीतरी शिवी हासडली, मालक दात-ओठ खात आला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही, दाराकडे धावलो.

नबीलाल कंदील घेऊन उभा होता. माणसं त्याला चुकवून बाहेर पडत होती. चार वर्षांत माझ्या लक्षात न आलेली गोष्ट मला तेव्हा दिसली. त्याने कंदील कमरेपाशी धरला होता, दहा वर्षांच्या पोराच्या तोंडावर उजेड पडावा इतका खाली. मिसरूड फुटू लागलेली उंच पोरं अंधारातूनच निघून जात होती.

"नबीलालभाई," मी म्हणालो, "वजीर आता चौदाचा आसंल."

त्याने कंदील तसाच खाली धरला होता. मग मी त्याचं मनगट धरलं आणि कंदील वर केला.