हार्लनच्या हंड्यात दोनदा पडलेलं मीठ

हार्लन डेलफॉस माझा शेजारी. आमच्या दोन अंगणांच्या मधोमध एक सफरचंदाचं झाड आहे, आणि ते नक्की कुणाचं हे अजून ठरलेलं नाही. फळ ज्याच्या बाजूला पडेल ते त्याचं. वारा बहुतेक वेळा माझ्या बाजूला वाहतो. हार्लन त्याबद्दल एवढंच म्हणतो, "मार्लिस, पाय तुझा भरला की एक तुकडा कुंपणावर ठेवत जा." पाय म्हणजे मैद्याच्या पारीत सफरचंद भरून भाजतात तो गोड पदार्थ. तो मी ठेवते, आणि ताटली धुऊन परत येते. शेजार म्हणजे याहून जास्त काही असतं असं मला वाटत नाही.

त्याने जन्मभर दुधाचा टँकर चालवला. मी शाळेची बस चालवायचे, त्यामुळे भल्या पहाटे बर्फातल्या रस्त्यावर आम्ही दोघंच असायचो. मी दिवे मिचकवायचे, तो एक बोट वर करायचा. आमच्या सेंट ओडील गावाच्या आसपास जेवढे गोठे होते, तेवढ्या गोठ्यांवरची कुत्री त्याला ओळखायची. कुठल्या घरात भावाभावांचं फाटलंय, कुणाची सून माहेरी गेलीय, सगळं त्याला कळायचं. पण या गोठ्यातलं त्या गोठ्यात त्याने कधी नेलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायचा, "मी फक्त दूध नेतो."

एवढा मितभाषी माणूस वर्षातून एक दिवस मात्र राजा व्हायचा. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आमच्या फायर हॉलमागे बूया नावाचा दाट रस्सा शिजतो, त्या दिवशी. आग विझवणारे सगळे गावातलेच, बिनपगारी. त्यांच्या पाइपांचा आणि बुटांचा खर्च या बूयावर निघतो. माणूस आत उभा राहील एवढा लोखंडी हंडा, खाली मॅपलची लाकडं. कोंबड्या आणि बैलाच्या शेपटीचं मांस उकळून हाडं काढायची, मग बटाटे, गाजर, कोबी, घेवड्याचे दाणे. पहाटेपासून दुपारपर्यंत होडीच्या वल्ह्याने ढवळत राहायचं. वल्हं थांबलं की तळाला लागलं, आणि तळाला लागलं की सगळा हंडा गेला. चर्च सुटलं की लोक घरची पातेली आणि आइस्क्रीमचे रिकामे डबे घेऊन रांग लावतात. ते वल्हं हार्लनच्या हातात त्याच्या बापाकडून आलं. चवीचं काम त्याची बायको बर्निस बघायची. ती गेल्यावर तो दोन्ही कामं एकटाच करू लागला.

हंड्यापाशी त्याचा एक कायदा होता. चुकेल त्याने कांदे सोलायचे. उशिरा आलात, कांदे. जाळ विझू दिलात, कांदे. आणि राजकारण बोललात तर मोठी पिशवी. एकदा आमचे पाद्रीसाहेबसुद्धा राज्यपालांविषयी काहीतरी पुटपुटले आणि डोळे पुसत अर्धा तास बसले होते.

पूर्वी कांदे सोलायला माणसं शोधावी लागायची. अलीकडे उजाडायच्या आत कांदे संपायला लागले.

मी कुणाला मत दिलं ते सांगणार नाही. सांगितलं तर निम्मे लोक इथूनच उठून जातील. पण मला राग येतो, तो सांगते. देशाचा अध्यक्ष म्हणजे घरातला वडीलधारा असावा, अशी आमच्या पिढीची भाबडी समजूत. हे गृहस्थ सकाळी उठून आधी कुणाला शिवी द्यायची ते ठरवतात, आणि आम्ही कॉफी पिता पिता ती वाचतो. मग निम्मं गाव टाळ्या पिटतं, निम्मं गाव दात-ओठ खातं. जे विरोधात आहेत तेही काही कमी नाहीत. त्यांना शेजाऱ्याने टाळी वाजवली एवढंच दिसतं, त्याच शेजाऱ्याने गेल्या हिवाळ्यात आपल्या दारातला बर्फ काढला होता हे दिसत नाही. पेट्रोल पंपावरचं कॉफीचं टेबल एक होतं, त्याची दोन झाली. चर्चमध्ये लोक बाकं बदलून बसायला लागले. ग्रीन बेच्या फुटबॉल संघाची मॅच असली की तेवढे तीन तास सगळे एका रंगात, पुढे पुन्हा जैसे थे. ज्यांच्यासाठी आपण भांडतो त्यांना सेंट ओडील नकाशात तरी सापडेल का?

हार्लनच्या घरात तर हे भांडण जेवणाच्या टेबलावरच बसलं होतं. रेनी त्याची मुलगी, शाळेत शिकवते. कर्ट त्याचा पुतण्या, बापाचा गायींचा गोठा चालवायचा. आई लवकर गेल्यामुळे कर्ट बर्निसच्याच हाताखाली वाढला. दोघं माझ्या बसमध्ये एकाच सीटवर बसायची आणि एकमेकांचा डबा चोरायची. मोठेपणी कर्टच्या ट्रकवर अध्यक्षांचा झेंडा फडकला आणि रेनीच्या हिरवळीवर त्यांच्याविरुद्धची पाटी उभी राहिली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापायच्या आधीच दोघांची जुंपली. रेनीने आणलेला पाय तसाच उचलला आणि निघून गेली. कर्ट दारापर्यंत गेला, तो तिला थांबवायला नव्हे, "जा, तुझ्या टीव्हीवाल्यांना भरव!" असं ओरडायला. तेव्हापासून अबोला. हार्लन प्रत्येक सणाचं दोनदा जेवायचा, दुपारी लेकीकडे, संध्याकाळी पुतण्याकडे. "वजन वाढतंय," एवढंच म्हणायचा. पण एकदा कुंपणाशी उभा राहून तो मला म्हणाला, "बर्निस असती तर हे झालं नसतं गं." एवढं बोलून लगेच आत गेला.

या वर्षी त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि वल्ह्याला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. आता वल्हं कुणाकडे, यावरून गावात कुजबुज सुरू झाली. रेनीच्या बाजूचे म्हणाले, लेकीचा हक्क. कर्टच्या बाजूचे म्हणाले, एवढं वल्हं ओढायला मनगट लागतं. फायर हॉलच्या बैठकीत हार्लन उभा राहिला. मी त्याला बैठकीत उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"वल्हं कर्टकडे, चव रेनीकडे," तो म्हणाला. "मधे मधे बदलून घ्या. दोघं मिळून करणार असाल तर करा. नाहीतर हंडा उपडा घालतो आणि त्यावर फुलं लावतो."

"बाबा, त्याच्याबरोबर?" रेनी म्हणाली.

"काका, हिच्याबरोबर?" कर्ट म्हणाला.

"बघा, एकमत झालं," हार्लन म्हणाला आणि खाली बसला.

दोघं तयार झाली ती त्याच्या तोंडाकडे बघून. पण बोलायचं नाही ते नाहीच. त्या रविवारी पहाटे मी गाजरं चिरायला गेले आणि फसले. दोघांमधला टेलिफोन मीच झाले.

"मार्लिसबाई, त्याला सांगा जाळ कमी कर म्हणून."

"मार्लिसबाई, तिला सांगा, जाळ कसा ठेवायचा ते मला हिच्या जन्माआधीपासून कळतं."

"अरे, तू तिच्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान आहेस," मी म्हटलं.

"मग अर्ध्या जन्माआधीपासून."

हार्लन खुर्ची टाकून सावलीत बसला होता, टोपी डोळ्यांवर ओढून. मी मधे बोलणार नाही, असं त्याने कबूल केलं होतं. सकाळी त्याने मला एकच काम सांगितलं होतं, त्याच्या गाडीतून बटाट्यांची पोती उतरवून घ्यायचं. "एवढी कशाला?" मी विचारलं. "स्वस्त मिळाली," तो म्हणाला.

हाडं निघाली, कोबी पडला. कोबी पडला की काका टाकायचा तसं कर्टने चुलीमागच्या डब्यातून मीठ घेतलं आणि हंड्यात सोडलं. मग वल्हं रेनीच्या हातात देऊन तो लाकडं फोडायला गेला. देताना 'मीठ टाकलंय' हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. निघणार कसे? तिच्याशी बोलणं म्हणजे हार मानणं. आणि मी त्या वेळी नेमकी गाजरांची सालं टाकायला गेले होते. रेनीने थोडं ढवळलं, चव तिचं काम म्हणून मिठाचा डबा उचलला, आणि आईसारखंच मुठी मोजून मीठ टाकलं. चमचा काही तोंडाला लावला नाही. बर्निस कधी लावत नसे.

चर्चची घंटा होत होती, तेव्हा मी सहज पळीभर चाखलं. समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

"मीठ कुणी टाकलं?" मी म्हटलं.

"मी," दोघं एकदम म्हणाली. आणि पावणेदोन वर्षांनी पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं.

"तू टाकलंस तर सांगायला काय झालं?" रेनी ओरडली.

"तू विचारायचं होतंस! तुम्हा लोकांना विचारायचं माहीतच नाही, सगळं आधीच कळलेलं असतं!"

"तुम्हा लोकांना? तो झेंडा लावून फिरणारा तू! माझ्या वर्गातली दोन पोरं एका सोमवारी आलीच नाहीत, कर्ट. त्यांचा बाप इथल्याच गोठ्यावर दूध काढायचा, त्याला पकडून देशाबाहेर पाठवलं. बाकं रिकामी. आणि तुझ्या ट्रकवर तो झेंडा!"

"माहीत आहे मला! रॅमोनचीच ना? तो माझ्याकडेही काम करायचा. मला आनंद झाला असं वाटतं तुला?" कर्टचा आवाज फाटला. "गायी विकल्या मी. दूध परवडेना म्हणून सगळ्या विकल्या. लिलावाला सगळं गाव आलं. तू आली नाहीस."

"तू बोलावलं नाहीस."

"बोलवायचं असतं का? लहानपणी त्यांची नावं तू ठेवायचीस!"

"क्लोव्हरसुद्धा?" रेनीने विचारलं.

"क्लोव्हरची नात होती. ती शेवटी चढली गाडीत."

यानंतर रेनी जी रडली, त्यासाठी कांदे लागले नाहीत. कर्ट कुऱ्हाड हातात घेऊन नुसताच उभा राहिला, आणि मग तिच्या खांद्यावर त्याने हात ठेवला, जरा अवघडून, जसा मोठे झालेले भाऊ ठेवतात. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. गाजरांकडे तोंड करून मी ते पुसलं.

"वल्हं थांबलंय," सावलीतून आवाज आला. "तळाला लागेल."

कर्टने झडप घालून वल्हं धरलं. "काका, पण हे खाणार कोण? फेकायलाच हवं."

"दुसरा हंडा आहे. निम्मं त्यात ओता. पाणी घाला, बटाटे घाला. आणि राजकारण बोलली आहात दोघं, तेव्हा कांदेही तुमचेच."

हॉलच्या मागे दुसरा हंडा होता खरा. बर्निस गेल्यापासून कुणी वापरला नव्हता. चर्चमधून लोक बाहेर पडत होते. कर्टने हाक मारली, "चाकू ज्याच्याकडे असेल त्याने यावं!" लोक रविवारच्या कपड्यांतच आले. दोन्ही बाकांवरचे आले आणि पोत्यांभोवती मिळेल तिथे बसले. पंपावर एकमेकांकडे पाठ करून कॉफी पिणारे दोन म्हातारे एकाच बादलीत सालं टाकत होते आणि यंदा ग्रीन बेचा बचाव किती ढिला आहे यावर तावातावाने सहमत होत होते. "झेंडा काढणार आहेस का?" रेनीने कांदा सोलता सोलता विचारलं. "पाटी काढणार आहेस का?" कर्टने विचारलं. दोघंही नाही म्हणाली. मग तो म्हणाला, "थँक्सगिव्हिंगला पाय आणशील का?" ती म्हणाली, "आणला तर परत नेणार नाही."

वाढायला दोन तास उशीर झाला, पण कुणी घरी गेलं नाही. दोन हंडे भरून बूया झाला. बर्निसच्या हातचा नव्हता, पण चांगला होता. लोकांनी डबे भरले, पुन्हा रांगेत उभे राहून पुन्हा भरले.

सगळं आवरताना मी दुसरा हंडा घासायला घेतला आणि थबकले. चार-पाच वर्षं पडून असलेल्या हंड्याला गंज हवा होता. याच्या कडा सकाळपासून चकचकीत होत्या, खाली लाकडंही आधीच रचलेली होती. आणि ती स्वस्तातली बटाट्यांची पोती. न बोलणारी ही दोघं काहीतरी बिघडवणार, हे कुणीतरी आधीच धरून चाललं होतं.

मी सरळ हार्लनच्या खुर्चीपाशी गेले.

"कर्टने मीठ टाकलं ते तू पाहिलंस."

त्याने टोपी आणखी खाली ओढली.

"आणि रेनीने टाकलं तेही पाहिलंस. टोपीखालून. आणि गप्प बसलास. अरे, सगळा बूया गेला असता तर?"

हार्लनने टोपी वर केली. समोर रेनी आणि कर्ट एकाच बाकावर बसून एकाच डब्यातून खात होती, आणि कर्ट तिच्या वाटणीचं मांस चोरत होता.

"कांदे उरलेत का गं?" त्याने विचारलं.

"एक पिशवी आहे."

"आण इकडे," तो म्हणाला. "आणि चाकू दे."

आणि बऱ्या हाताने, सावकाश, तो कांदे सोलायला बसला.