तांबड्या भाताची मुडी

सुंदराबाईने आयुष्यात एकच मोठी चूक केली, आणि ती चवीला फार छान लागली. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिने घरातलं रत्याचं शेवटचं बी कांडून त्याची पेज केली. रता म्हणजे खाडीकाठच्या खाजणात, बांध घालून राखलेल्या खारट जमिनीत होणारं तांबडं भात. पिकतं कमी, पण खारं पाणी पचवतं. त्या वर्षी मुंबईचा कारखाना बंद पडून धाकटा दीर बायकापोरांसकट घरी आला होता. पाच तोंडांची बारा झाली, खाजण मात्र होतं तेवढंच राहिलं. तालुक्याहून आणलेलं पांढरं सुधारित बियाणं दुप्पट पिकत होतं, मग तांबडं कशाला राखायचं? बाराही जणांनी पेज ओरपली, वर तारीफ केली.

पांढऱ्याने सात वर्षं घर पोसलं, ते नाकारून चालणार नाही. पण भरतीचं पाणी दरवर्षी बांधाच्या जरा वरच्या दगडाला लागू लागलं. पाऊसही पूर्वीसारखा वाटून पडेना, चार दिवसांत सगळा ओतून मोकळा होई. दोन हजार पाचच्या जुलैत उधाणाने बांध फुटला आणि खाडी थेट शेतात आली. भात आठ दिवसांत करपलं. बांध बांधून काढला, पुढच्या वर्षी पुन्हा पांढरं पेरलं, तर रोपं वीतभर होऊन पिवळी पडली. जमिनीत मीठ बसलं होतं.

शेजारचा आत्माराम म्हणाला, "सोड गो ता खाजण. कोळंबीवाल्याला दे नि गप बस."

मुलगा राजेंद्र मिरजोळ्याच्या कारखान्यात कामाला जाई. त्यालाही ते पटलं. "आये, तांदूळ दुकानात मिलतो."

"दुकानात खयसून येतो?" सुंदराबाई म्हणाली. "त्येंच्या शेतात पानी शिरला तर?"

राजेंद्र कामावर निघून गेला. बाईचं डोकं मात्र चालू होतं. त्यांच्याकडे सासरी जाणाऱ्या मुलीला माहेरच्या भाताचं बी बरोबर देत. नणंद गोदा हेदवीकडच्या खाडीकाठी दिली होती, आणि तिच्याबरोबर रता गेला होता. दुसऱ्याच दिवशी सुंदराबाईने एसटी धरली.

गोदाकडे पेंढ्यात करकचून बांधलेली रत्याच्या बियाण्याची एकच मुडी होती.

"वयनी, तुज्याकडचा काय झाला?"

उंदरांनी खाल्ला, असं सांगता आलं असतं. सुंदराबाईने मान वर केली. "मी शिजवून खाल्ला."

गोदाने मुडी सोडून निम्मं बी तिच्या पदरात ओतलं. "बुडवलास तर माज्या दारात येव नको," ती म्हणाली. सुंदराबाईला राग आला नाही. गोदाच्या जागी ती असती, तर याहून कडक बोलली असती.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर बी भिजवून, मोड आणून तिने चिखलात फेकलं. श्रावणात उधाण पुन्हा बांधावरून आलं. ओहोटी लागताच मायलेकांनी गुडघाभर चिखलात उतरून उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या फळ्या उचलल्या आणि पाणी खाडीत सोडलं. कडेची रोपं गेली. मधली उभी राहिली. सुंदराबाई शेतातच बसून ढसाढसा रडली आणि मग नाक पुसून तण बेणायला लागली.

दिवाळीनंतर झोडणी झाली. आधी गोदाची मुडी बांधली, निम्म्याच्या बदल्यात पूर्ण. मग घरची एक. उरलेल्याची पेज होणार म्हणून सून श्रुतीने आधण ठेवलं होतं. बाईने मात्र त्या भाताच्या सात लहान मुड्या केल्या आणि खाजण असलेल्या सात घरांत पोचवायला निघाली, पहिली आत्मारामाकडे.

"घरात येक ठेवलीव ना?" श्रुती वैतागली. "मग गावभर वाटायची कशाला?"

"घरातला बी मी येकदा खाल्लाय," सुंदराबाई मुडी काखेत मारत म्हणाली. "भूक लागली का पुन्ना खाईन. आत्मारामाच्या घरातला माज्यान खाववनार न्हाय."

श्रुतीने त्या आधणात रेशनचा तांदूळ वैरला.