गोल दिवे, चौकोनी दिवे

"मॅडम, मागच्या चाकाचे नवे रबर जरा सैलच बसले. पण ब्रेक लागतोय," म्हणत युनूस मिस्त्रीने काढलेले जुने रबर काउंटरवर ठेवले. मी ते सकाळी विकलं तसल्याच किटमधल्या नव्या रबरांशेजारी धरले. जुने मोठे होते. 

चाकातल्या सिलिंडरमध्ये हे वाटीसारखे रबर ब्रेक ऑइल अडवतात. रबर लहान पडला की ऑइल झिरपतं. मग घाटात केव्हातरी पेडल थेट खाली जातं.

ऐंशीच्या दशकातलं जळगाव. मी ट्रकच्या एजन्सीत स्पेअर पार्टच्या स्टोअरवर होते. आमच्या छोट्या ट्रकची दुसरी पिढी नुकतीच आली होती. पहिलीला गोल दिवे, दुसरीला चौकोनी. दुसरीत ब्रेकला बूस्टर आला, म्हणजे हलक्या पायालाही जोर मिळू लागला. म्हणून चाकातला सिलिंडर बारीक केला. स्टोअरचा नियम साधा होता: जुना पार्ट बघायचा, चाकामागे सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर वाचायचा, मग माल द्यायचा. पण मी बावीस वर्षांची शहाणी! कडक इस्त्रीची साडी नेसून चाकाशी वाकणार कोण? "मी दिवे बघून पिढी सांगते," असा तोरा. सकाळी नरडाण्याच्या भटूभाऊच्या गाडीचे चौकोनी दिवे बघितले आणि दिलं किट.

"नाना, भटूभाऊची गाडी जुनी की नवी?" मी मॅनेजरना विचारलं.

"जुनीच. लग्नात मिरवायला नव्या मॉडेलचं, चौकोनी दिव्यांचं तोंड बसवलंय. निम्म्या गाड्यांची तीच तऱ्हा. का गं?"

गाडी डाळीची पोती भरून अर्ध्या तासापूर्वी सिल्लोडला निघाली होती. वाटेत अजिंठ्याचा घाट. मी जुने रबर नानांपुढे धरले. त्यांनी जीपची किल्ली उचलली. मीही मागोमाग जीपमध्ये चढले.

पहूरला चहाच्या टपरीशी ट्रक उभा दिसला. नाना वाकले. मागचं चाक आतून ऑइलने ओलं होतं. केबिनमध्ये भटूभाऊची बायको बसलेली, सातवा महिना, माहेरी निघालेली.

"मनासाठे इतल्या लांब उनात, अक्का?" आम्ही त्याच्यासाठी एवढ्या लांब आलो म्हणून भटूभाऊने हात जोडले.

"आता खरं सांग त्याला," नाना हळूच म्हणाले.

मी सांगितलं.  भटूभाऊने केबिनचं दार उघडलं आणि बायकोला हात देऊन खाली उतरवलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नव्वदच्या दशकात ट्रकची तिसरी पिढी आली. कंपनीने दिवे पुन्हा गोल केले. माझं काही अडलं नाही. तोवर माझ्या सगळ्या साड्यांना गुडघ्याशी ग्रीसचे डाग पडले होते.