थेंबभर दुधाची कॉफी

चहा मी आयुष्यभर प्याले, पण चहाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी उठलं की चहा, कोणी आलं की चहा, कोणी भांडून गेलं की चहा. कॉफीचं तसं नाही. आमच्या घरात कॉफी झाली म्हणजे काहीतरी ठरलं.

ही पद्धत माझ्या सासूची. तिचा भाऊ हैदराबादेकडं नोकरीला होता. वर्षातून एकदा यायचा आणि येताना कॉफीची पूड आणायचा. एवढासा पितळी डबा. सासू त्याच्या तोंडाला फडकं बांधून तो ज्वारीच्या कणगीत लपवायची. डबा वर्षभर पुरवायचा, म्हणून तिनं नियम केला. मुलगी पाहायला पाहुणे आले की बैठकीतून घरातलं मोठं माणूस आवाज देणार. "चहा टाका" म्हणालं तर सोयरीक पसंत नाही, चहा पाजून वाटेला लावा. "कॉफी टाका" म्हणालं तर पसंत. पाहुण्यांना यातलं काही कळत नसे. आतल्या बायकांना मात्र लगेच कळायचं, आणि पुरणाला डाळ शिजत घालायची का नाही ते ठरायचं. शिवाय ती कॉफी घरच्या मोठ्या माणसानं पाहुण्यांसमोर स्वतः प्यायची. प्याला की शब्द दिला. मग माघार नाही.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी नणंदेला पाहायला पाहुणे आले होते. बाहेरून आवाज आला, "कॉफी टाका." मी कॉफी जन्मात पाहिलेली नव्हती. चहासारखी टाकली आणि चहासारखीच खळाखळा उकळली, जितकी उकळेल तितकी चांगली म्हणून. गाळली तर काढ्यासारखी कडू. परत टाकायची तर डब्यात पूड नव्हती. तीच दिली. पाहुणे नवे, काही बोलले नाहीत. सासरा शब्द द्यायचा म्हणून डोळे मिटून प्याला. नणंद अजून म्हणते, "वहिनी, माझा संसार तुझ्या कडू कॉफीवर उभा हाय." तिचा संसार चांगला झाला, त्यात माझ्या कॉफीचं काही नाही.

आता पूड कुठंही मिळते. पाच रुपयांच्या पुडीतही मिळते. त्यामुळं घरात ज्याची त्याची कॉफी वेगळी झाली आहे. सासू जिवंत होती तोवर एकादशीला घ्यायची. निव्वळ दुधातली, सहाणेवर उगाळलेलं जायफळ घालून. चहा उपासाला चालत नाही आणि कॉफी चालते, असं तिचं म्हणणं. का, ते कोणी विचारलं नाही. आमच्या म्हाताऱ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिच्यासारखीच लागते, पण साखर इतकी की चमचा उभा राहावा, आणि बशीतूनच. वर साय धरली की पीत नाही. "ही कॉफी म्हातारी झाली," म्हणतो आणि कप सरकवून देतो. स्वतः पंचाहत्तरीचा आहे. मुलगा पुडी फोडून अर्ध्या दुधापाण्यात ढवळतो आणि उभ्या उभ्या पितो, कोणी मागं लागल्यासारखा. सून मोबाइलवर पाहून शिकली. कपात पूड, साखर आणि दोन थेंब पाणी घालून चमच्यानं फेटत बसते, पांढरं होईपर्यंत. तेवढ्या वेळात माझ्या दहा भाकरी थापून होतात. पण वरचा फेस चांगला लागतो, खोटं कशाला बोलू. नात उन्हाळ्यात बर्फ घालून मिक्सरमध्ये फिरवते. शेजारची चाची वेलदोडा घालते आणि खारी बुडवून खाते. खारी कपात तुटली की मला म्हणते, "तेरी नजर लगी."

मला कोणती आवडते हे कोणी विचारलं नाही, म्हणून सांगते. सगळ्यांना देऊन झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी राहते ती. घट्ट असते, जायफळ खाली बसलेलं असतं. चुलीपाशी, आता ओट्यापाशी, उभी राहून पातेल्यातूनच पिते.

नातीला पाहायला पाहुणे आले ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. नात बदनापूरला लहान मुलांच्या शाळेत शिकवते. पाहायला आलेला मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात. त्याच्या घरचे धावड्याकडचे शेतकरी. रविवार, दुपारची वेळ. बैठकीत मुलगा, त्याचे आईबाप, आमचा म्हातारा आणि माझा मुलगा. आत मी, सून आणि नात. मध्ये नुसता पडदा, सगळं ऐकू येतं.

सगळं बरं चाललं होतं. शेत किती, पाणी किती, कपाशी कशी, झालं. मग माझ्या मुलाला शहरी रीत सुचली. त्यानं मुलाला विचारलं, "चहा घेणार का कॉफी?"

आमच्याकडं पाहुण्याला हे कधी विचारत नाहीत. ते ठरवणं म्हाताऱ्याचं काम. पण प्रश्न गेला तो गेला. मुलगा म्हणाला, "कॉफी चालंल. काळी. दूधसाखर नको."

आमच्या भागात घरात कोणी गेलं की तिसऱ्या दिवसापर्यंत चहात दूध घालत नाहीत. भेटायला येणाऱ्यालाही कोरा चहा देतात. ज्यानं त्यानं तोंड कडू करायचं आणि उठायचं. सोयरिकीच्या बैठकीत बसून कोणी काळं मागेल, असं म्हाताऱ्यानं स्वप्नातही पाहिलं नसेल. त्यानं खाकरून आवाज दिला, एवढा मोठा की गल्लीत ऐकू जावा.

"चहा टाका गंऽ!"

नातीचं तोंड उतरलं. "आजी, संपलं सगळं."

"काय संपलं?"

"मीच त्याला फोनवर सांगितलं व्हतं. म्हणलं, आमच्या घरी कॉफी म्हणजे होकार असतो, तू कॉफीच माग."

"मंग काळी कशाला मागायला लावली?"

"ते म्या न्हाई सांगितलं! ते त्याचं त्यानंच केलं."

सुनेनं कपाळाला हात लावला. "फोनवर? कवापासून बोलून राह्यली तू त्याच्याशी?"

"आई, ते मंग सांगते."

मी म्हणाले, "ते मंग. आधी मला सांग, तुला पसंत हाय का?"

"हाय."

"बिलकुल?"

"बिलकुल."

"मंग रडू नको. दूध उतू जाऊन राह्यलं, ते बघ."

म्हाताऱ्याचा शब्द मी त्याआधी कधी मोडला नव्हता. भांडले पुष्कळ, पण बैठकीतून जो आवाज आला तेच टाकलं. माझ्या लेकीच्या वेळी म्हाताऱ्यानं "कॉफी टाका" म्हणून आवाज दिला होता. लेक माझ्या शेजारी उभी होती, कप पुसत. काही बोलली नाही, मी काही विचारलं नाही. मी पूड घातली. तिचं लग्न वाईट झालं असं नाही. पोरंबाळं आहेत, वाटूरला घर आहे. पण एका दिवाळीला भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "माय, तू तवा इचारलं असतं तर मी न्हाई म्हणले असते." मी म्हणाले, मेथीत गवत राहिलंय, नीट निवड. दुसरं काय म्हणणार? विचारायची वेळ निघून गेली होती.

म्हणून त्या दिवशी मी कॉफी टाकली. सुनेनं एकदा माझा हात धरला आणि सोडून दिला. सगळ्यांची दुधातली, जायफळ घालून. मुलाची एका भांड्यात वेगळी, नुसत्या पाण्यातली, काळीशार. ट्रे मुलीनं न्यायचा असतो. पण शब्द मी मोडला होता, म्हणून मी नेला.

म्हाताऱ्यानं कपात पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"हे काय हाय?"

"कॉफी."

"मी काय म्हणलो व्हतो?"

"चहापत्ती संपली."

माझा मुलगा मध्येच बोलला, "माय, सकाळीच तर आणली म्या, मोठा पुडा."

देवानं त्याला सगळं दिलं, वेळ ओळखायची अक्कल तेवढी दिली नाही. मी म्हणाले, "मंग ती सापडली न्हाई."

पाहुण्यांनी कप उचलले. म्हाताऱ्यानं आपला स्टुलावर ठेवला तो ठेवलाच. तो प्याला असता तर शब्द गेला असता, म्हणून तो पीत नव्हता. बोलणं कपाशीवरून सोयाबीनवर गेलं. त्याच्या कपात साय धरायला लागली. मी दाराशी उभी राहून ती साय बघत होते. एरवी साय आली की विषय संपला.

मुलाच्या बापानं कप रिकामा केला आणि म्हणाला, "आबा, तुम्ही घ्या की."

"गरम हाय," म्हातारा म्हणाला. वाफसुद्धा येत नव्हती. मग त्याच्यानं राहवेना. "एक विचारतो, राग मानू नका. तुमच्यात कुणी गेलं-बिलं का इतक्यात?"

"न्हाई बा," मुलाचा बाप दचकला. "का?"

"मंग पोरगं काळं काहून पितंय?"

मुलाच्या आईनं मान खाली घातली. "सांगून सांगून थकले मी ह्याला. म्हणलं, पाहुण्यात तरी नीट पी."

मुलानं कप खाली ठेवला. घाबरला होता, पण नीट बोलला. "आबा, मी भट्टीवर हाय. तिथं दूध टिकत न्हाई. घरून नेलं तर दुपारपर्यंत फाटतं. तिथले आम्ही सगळे काळीच पितो. साखर घातली की तहान लागते, म्हणून साखरबी सोडली. आता दुधाची पोटाला जड जाते. ह्याचा असा अर्थ असतो, हे ध्यानात आलं न्हाई माझ्या."

म्हाताऱ्यानं कपाला हात लावला नाही. साय आता कपभर पसरली होती. तेव्हा मी बोलले. बायकांनी बैठकीत बोलू नये असं आहे, पण कॉफी मी केली होती.

"तुम्हीबी पित व्हते की. म्हैस आटली त्या साली, विहिरीचं काम चालू व्हतं तवा. सगळा उन्हाळा कोरा चहा घेतला, अन् वरून म्हणायचे, कोऱ्यानं काम जल्दी होतं. तवा कोण मेलं व्हतं?"

मुलाचा बाप उपरण्यात तोंड घालून हसला. आमच्या मुलानं छताकडं पाहिलं. म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. हसला का रागावला, ते मला पंचावन्न वर्षांत कधी नीट कळलेलं नाही.

त्यानं ट्रेमधला चमचा घेतला. स्वतःच्या कपातली साय एका बाजूला सारून चमचाभर कॉफी घेतली आणि मुलाच्या काळ्या कपात एक थेंब सोडला. एकच. उरलेली परत आपल्या कपात ओतली.

"एवढं शकुनाचं. पिऊन टाक."

मुलानं कपात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि एका घोटात पिऊन टाकलं. मग म्हाताऱ्यानं आपली कॉफी बशीत ओतली. गार, साय आलेली. मी त्याला तशी कॉफी पिताना पहिल्यांदा पाहिलं. सगळी प्याला, साय ओठावर राहिली ती पुसली आणि बशी पालथी घातली. पडद्याआड नातीला बशीचा आवाज ऐकू आला. सून सांगते, ती ओट्याला पाठ लावून खालीच बसली.

पाहुणे गेल्यावर म्हातारा आत आला. "पत्ती कुठं व्हती?"

"डब्यात."

"अन् सापडली न्हाई म्हणली?"

"शोधलीच न्हाई."

"हं," म्हणाला. जाता जाता म्हणाला, "जायफळ कमी पडलं."

आता नातजावई सुट्टीच्या दिवशी येतो तेव्हा त्याची काळी कॉफी मी वेगळ्या भांड्यात करते. म्हातारा स्वतःच्या चमच्यानं त्यात एक थेंब सोडतो, दर वेळी. पोरगा गुमान पितो. नातीनं एकदा म्हटलं, "आबा, आता कशाला?" तर म्हणाला, "तू तुझा मिक्सर फिरव."

लग्न जालन्याच्या मंगल कार्यालयात झालं. तिथं वाफेच्या मशीनची कॉफी होती. मशीन आगगाडीसारखं फुसफुसायचं, वर फेस, फेसावर कसलीशी भुकटी. त्या गर्दीतून माझी लेक, वाटूरची, दोन कप घेऊन आली. एक माझ्या हातात दिला. शेजारच्या खुर्चीवर बसली आणि फेस फुंकत राहिली.

मग म्हणाली, "पोरीला इचारलं म्हणे तू."

"इचारलं."

"बरं केलं."

कॉफी पाणचट होती, जायफळाचा पत्ता नव्हता. ती संपल्यावर लेक उठून आणखी दोन कप घेऊन आली. तेही आम्ही प्यालो.