साठ नारळ आणि एक झोळी

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर असे की वाण्याला दिलेली यादी शेवटी मलाच वाचून दाखवावी लागते. ही वही साहेबांच्या मुलीची अर्धी उरलेली आहे, पहिल्या पानांवर तिची गणिते आहेत. चुकून कुणाच्या हाती पडली तर माफ करावे. पण दाजींबद्दल कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कुवेतमध्ये अकरा वर्षे राहिले आणि त्या अकरा वर्षांत त्यांना बसलेले कुणी पाहिले नाही. बस रिकामी असली तरी ते दांडा धरून उभे राहत, आणि बस फार रेंगाळते म्हणून एक स्टॉप आधीच उतरून चालत सुटत. शुवैखला एका गोदामात ते स्टोअरकीपर होते. मॅनेजरने त्यांना खुर्ची दिली, तर त्यांनी खुर्चीवर रजिस्टर ठेवले आणि आपण शेजारी उभे राहिले. सालमियाच्या मागच्या गल्लीत चौघांत मिळून त्यांची एक खोली होती. तिथले लोक सांगत की दाजी झोपेतसुद्धा पाय हलवतात. ताई गावाकडे मुलांना घेऊन राहायची. ती म्हणायची, लग्नात सप्तपदी झाली तेव्हापासून हा माणूस थांबलाच नाही. मी सालमियालाच एका पुण्याच्या इंजिनियर साहेबांकडे स्वयंपाकाला होते. दाजी कधी भेटायला आले की स्वयंपाकघराच्या दारात पाऊल टाकतानाच "चला, निघतो" म्हणत. चहा उभ्याने घेत, तोही अर्धाच, आणि उरलेला कप हाताला येईल तिथे ठेवून जात. एकदा फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेला कप मला आठ दिवसांनी सापडला. साहेबांच्या बायकोला, वहिनींना, वाटले मी फ्रिजवर काही करणी करून ठेवली आहे.

दुसरी खोड अशी की भेटेल त्याला विचारायचे, तुमचे वडील हाताने काय काम करायचे? न्हाव्याला विचारत, टॅक्सीवाल्याला विचारत, आणि एकदा सिग्नलवरच्या पोलिसाला विचारले. पोलिसाचे आजोबा समुद्रात बुडी मारून मोती काढत होते म्हणे. दाजी रस्ता ओलांडायचे विसरले आणि मागच्या गाड्या ओरडत राहिल्या. हे विचारणे उगाच नव्हते. आमची वस्ती स्टेशनामागची. दाजींचे वडील रेल्वेत गँगमन, घण मारायचे. माझी आई त्याच लाइनीवर घमेल्याने खडी वाहायची. वस्तीतल्या साऱ्या बायाबाप्यांनी रूळ अंथरले, पण स्टेशनातल्या माठाला त्यांना हात लावता येत नसे. कुणीतरी वरून ओतायचे आणि यांनी ओंजळ धरायची. दाजी म्हणत, "राजांच्या तलवारी ठेवायला म्युझियम आहेत. माझ्या बापाचा घण कुठं ठेवू?" मग ते घण, पहारी, कंदील, पितळी बिल्ले गोळा करू लागले. आईकडे तिचे जुने घमेले मागितले. आईने आधी नवे घमेले वाजवून घेतले आणि मगच जुने दिले.

इथून गावी जाताना लोक घोंगड्या आणि टेप नेतात. आमचे दाजी गावाहून इकडे येताना लोखंड आणायचे. वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय माणूस खिशात हात घालत नाही, असे त्यांचे मत. एकदा विमानतळावर त्यांच्या बॅगेतून तो वडिलांचा घण निघाला. तपासणाऱ्याने हे काय म्हणून विचारले. दाजींनी अरबी, हिंदी आणि हातवारे एकत्र करून त्याला सांगितले की हे माझे वडील आहेत. तो बराच वेळ दाजींकडे, मग घणाकडे बघत राहिला, आणि त्याने घण दोन्ही हातांनी उचलून परत दिला. तो घण पुढे त्या खोलीत दाजींच्या पलंगाखाली राहिला आणि चौघांपैकी प्रत्येकाच्या पायाच्या बोटाला त्याने आपली ओळख करून दिली.

इराकच्या लढाईनंतर त्यांच्या गोदामात एक काळा अमेरिकन साहेब आला होता. दाजींनी त्यालाही विचारले. त्याचे आजोबा रेल्वेच्या डब्यांत गोऱ्या लोकांचे सामान उचलायचे, बिछाने घालायचे. त्याने सांगितले की आमच्या शहरात आम्ही आमच्या कष्टकरी लोकांचे म्युझियम केले आहे, सरकारने दिले नाही, आम्हीच केले. दरवर्षी मोठे जेवण ठेवतो, लोक तिकीट काढून येतात, चार म्हाताऱ्या कामगारांना बक्षीस देतो, आणि मग म्युझियमसाठी पैसे मागतो. त्याने फोटोही दाखवला, गोल टेबले, पांढऱ्या चादरी, सुटातली माणसे. दाजी तो फोटो मागून घेऊन थेट माझ्याकडे आले. "आपल्यासारखीच माणसं आहेत गं. फक्त सूट घातलाय," म्हणाले. त्या दिवशी चहाला त्यांनी तोंडही लावले नाही.

झाले, दाजींच्या पायांना आणखी चाके लागली. गावी स्टेशनामागे एक बंद पडलेले कँटीन होते. ती खोली म्युझियमला मिळणार होती, पण छप्पर दुरुस्त करायच्या अटीवर. छपराचे पैसे कुवेतहून मी आणतो, असा शब्द दाजींनी वस्तीला दिला. मग तसल्याच जेवणासाठी हॉटेलचा एक हॉल ठरला. साहेबांना मी विचारावे आणि त्यांनी पाहुणे म्हणून यावे, असेही ठरले. मी साहेबांशी पाच वर्षांत मीठ कमी-जास्त यापलीकडे बोलले नव्हते. तीन दिवस मी ते वाक्य मनात घोळवले आणि शेवटी भाजी वाढताना बोलून टाकले. साहेब लगेच हो म्हणाले.

हॉलवाला मात्र पैसे आधी मागत होता. दाजींनी माझ्याकडे मागितले नाहीत. नुसते स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत चालत राहिले. मला ते चालणे बघवेना. माझ्याकडे एकशेवीस दिनार होते. आईच्या घराचे पत्रे चाळणी झाले होते, तिथे स्लॅब टाकायला मी ते जमवले होते. ते मी तांदळाच्या डब्यातून काढून त्यांच्या हातात दिले. "गुरुवारी कार्यक्रम, शुक्रवारी पैसे परत," दाजी म्हणाले, आणि मी विश्वास ठेवला. खोटे बोलायला माणसाला घडीभर थांबावे लागते, ते त्यांना जमले नसते.

बक्षिसे चारच द्यायची होती. पण दाजी यादी करायला लागले आणि त्यांचा जीव कासावीस होऊ लागला. याचा बाप गिरणीत मेला, त्याला कसे वगळू? त्याची आई झाडूवाली, तिला कसे वगळू? शुवैखला गॅरेज असलेले रत्नागिरीकडचे हमीदभाई त्यांचे जिवलग. बक्षिसे तेच लोखंडाची बनवत होते, एका पट्टीवर उभा जोडलेला जाड बोल्ट. ते म्हणाले, "दाजी, चारच ठेवा. बाकीचे टाळ्या वाजवायला लागतील." दाजी म्हणाले, "तुमचे आजोबा बोटीवर कोळसा मारायचे ना? मग काढू तुमचं नाव?" हमीदभाईंनी साठ बोल्ट जोडले. साठ शाली आल्या, साठ नारळ आले. तिकिटाचे पैसे जसे आले तसे शालीनारळात गेले.

त्या संध्याकाळी मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. दाजींनी सूट कुणाचा तरी आणला होता, बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. टेबलावर घण, कंदील, आईचे घमेले मांडले होते. पहिला सत्कार साहेबांचा. साहेबांचे वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. दाजींनी त्यांनाही हातांचे विचारले, तर साहेबांनी थोडा विचार करून सांगितले की वडील घरी सायकल स्वतः दुरुस्त करायचे. दाजींनी तेवढ्यावरही त्यांना शाल घातली आणि वहिनींनाही शेजारी उभे केले. मग एकेक नाव. ज्याचा सत्कार होई त्याला दाजी खाली सोडत नसत, सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. बोल्टांचा सोनेरी रंग अजून ओला होता, तो हातांना लागला, हातांवरून शालींना, शालींवरून साहेबांच्या सुटाला. स्टेज भरत गेले आणि खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. शेवटी दाजींनी माझ्या आईचे नाव घेतले आणि तिच्या वतीने मला वर बोलावले.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. साहेब वर उभे, त्यांच्या शेजारी मी कशी उभी राहू? पाय उचललाच नाही. सगळे स्टेज माझ्याकडे बघत होते. दाजींनी क्षणभर वाट पाहिली आणि माइकमध्ये म्हणाले, "असू द्या. टाळ्या वाजवायला एक माणूस पाहिजेच." तेव्हा माझ्या लक्षात आले की हॉलमध्ये खाली मी एकटीच उरले आहे. मग मी टाळ्या वाजवल्या. साठ माणसांसाठी एकटीने वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

आणि नंतर पैसे मागायची वेळ आली. त्यासाठी दाजींनी खादीच्या कापडाची एक झोळी मुद्दाम शिवून घेतली होती. त्यांनी ती खिशातून काढली, उलगडली आणि स्टेजवरच्या माणसांकडे पाहिले. सगळ्यांच्या खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्यात बोल्ट. दाजी तसेच उभे राहिले. त्यांना इतका वेळ एका जागी उभे मी त्याआधी पाहिले नव्हते. मग त्यांनी झोळीची घडी केली, खिशात ठेवली आणि जेवायला चला म्हणाले. हमीदभाई जेवताना त्यांच्यावर चिडले तेव्हा दाजी म्हणाले, "ज्याच्या हातात आत्ताच नारळ दिला, त्याच्यापुढं झोळी कशी धरायची? मग तो सत्कार राहतो का?"

आता जे लिहिते ते मी कुणालाही सांगितलेले नाही. परत येताना मी गाडीत मागे बसले होते. साहेब वहिनींना म्हणाले, "मी पन्नास दिनार पाकिटात घालून नेले होते. त्यांनी मागितलेच नाहीत. न मागता देणं बरं दिसेना." पाकीट त्यांच्या कोटाच्या खिशातून वर दिसत होते. मला फक्त एवढेच म्हणायचे होते, की साहेब, माझ्याकडे द्या, मी पोचवते. जिभेपर्यंत आले. सिग्नल लाल होता तोवर म्हणेन असे ठरवले, सिग्नल हिरवा झाला. पुढच्या सिग्नलला म्हणेन म्हटले, तिथे गाडी थांबलीच नाही. मग घर आले. दुसऱ्या दिवशी ते पैसे मुलीच्या सायकलीत गेले.

सगळा हिशेब होऊन तीसेक दिनार उरले. त्यातून गावच्या त्या खोलीला दाजींनी एक कुलूप आणि एक पाटी पाठवली, आणि गावी जाणाऱ्यांबरोबर घण, घमेले सगळे परत धाडले. छपराला वस्तीने ताडपत्री बांधली आणि तेवढ्यावर खोली मिळाली. आईच्या पत्र्यांवरही ताडपत्रीच आली. आईने फोनवर सांगितले, इतकी वर्षं गळतंय, आणखी दोन वर्षं गळलं तर काय मरते मी? आणि घमेलं कोरडं राहील ना, एवढं दाजींना विचार.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दाजी येऊ लागले. माझ्या पैशांपैकी पाच दिनारची नोट साखरेच्या बरणीखाली सरकवत, उभ्याने अर्धा चहा घेत, आणि म्युझियमच्या बातम्या सांगत. स्टेशनमास्तर येऊन पाटी वाचून गेला. शाळेतली पोरे घण उचलायची शर्यत लावतात. एकदा ताप असताना आले, भिंतीला टेकले, पण बसले नाहीत. मी म्हटले, दाजी, राहू द्या ना पैसे. ते म्हणाले, "तुझ्या आईच्या डोक्यावरचं छप्पर आहे ते. ठेवून घेऊ का मी?" दर खेपेला मला ते पाकीट आठवायचे. दर खेपेला वाटायचे आज सांगावे, की तुमचे दहा महिन्यांचे चालणे माझ्या जिभेने वाढवले. आणि दर खेपेला ते "चला, निघतो" म्हणत आणि मला बरे वाटायचे.

दोन वर्षे झाली. शेवटच्या शुक्रवारी ते आले तेव्हा चालणे मंद होते. कायमचे गावी जायचे ठरले होते, तिकीट काढले होते. म्युझियमच्या दारात बसायला माणूस पाहिजे, म्हणाले, कुलूप रोज कुणीतरी उघडले पाहिजे. चोविसावी नोट त्यांनी बरणीखाली ठेवली नाही, माझ्या हातात दिली. "मोजून घे," म्हणाले. मी आतून बाकीच्या आणून त्यांच्यासमोर मोजल्या. मोजून मान वर केली तर दाजी स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. वर मी लिहिले आहे की त्यांना बसलेले कुणी पाहिले नाही. ते खोडायला हवे, पण खोडत नाही.

मी सांगायला तोंड उघडले. ते माझ्याकडे बघत होते, घाई नव्हती, ऐकायला चांगले बसले होते. मी म्हटले, "दाजी, चहा टाकू?"

"टाक," ते म्हणाले.

एकशेवीस दिनार पुरते फिटले होते. ते गेल्यावर मी कप शोधायला फ्रिजवर पाहिले, खिडकीत पाहिले. तो ओट्यावर, जिथे ठेवायचा तिथेच होता. धुवायला घेतला तर तळाशी साखरसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती.